तोळा कोणता? आधी ग्रॅम विचारा

खामगावची चांदी म्हटली की गिऱ्हाईक डोळे झाकून विश्वास ठेवते. बुलढाणा जिल्ह्यातीलच नव्हे, दूरदूरचे लोक दागिने व भांडी घेण्यास येथे येतात. मात्र शुद्धतेसाठी नाव कमावलेल्या या धंद्यात वजनाचा एक घोळ अजून मिटलेला नाही. तो म्हणजे तोळ्याचा.

जुना तोळा १२ माशांचा, म्हणजे ९६ गुंजांचा. इंग्रजी अमदानीतला चांदीचा रुपया बरोबर एक तोळा भरे, म्हणून वाडवडील ‘रुपयाभार’ म्हणत. ग्रॅममध्ये हा तोळा होतो ११.६६४. पुढे १९५६ च्या कायद्याने मेट्रिक वजने आली व १९५८ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली. शेर गेला, मण गेला. तोळा काही जिभेवरून गेला नाही. बाजाराने सोयीसाठी १० ग्रॅमलाच तोळा म्हणायला सुरुवात केली. नाव जुने, वजन नवे!

एका तोळ्यात फरक दीड ग्रॅमच्या थोडा वर. पण आजीच्या पेटीतले ५० तोळ्यांचे तोडे जुन्या चिठ्ठीसह मोडीत आले तर? जुन्या हिशेबाने ते ५८३ ग्रॅम, नव्या हिशेबाने ५००. नातवाने काटा न पाहता चिठ्ठीवर भाव घेतला तर ८३ ग्रॅम चांदी फुकट गेली. उलट, आज ५० तोळे घेणाऱ्याला घरचे म्हातारे म्हणतात, ‘वजन कमी भरले.’ येथे प्रामाणिक दुकानदार नाहक बदनाम होतो. कारागीर बांधवांचेही तसेच. मजुरी व घट तोळ्यामागे ठरते. कोणता तोळा, हे माल घेतानाच बोलून घ्यावे.

बिलावर ग्रॅमच लिहावे, असे आम्ही आग्रहाने सांगतो. २०११ पासून लागू झालेल्या वैधमापन कायद्यालाही तेच हवे आहे. जुन्या चिठ्ठीवरचे तोळे ११.६६४ ने गुणावेत, म्हणजे ग्रॅम निघतात.

हाच गुणाकार जकातीच्या वेळीही करावा लागतो. आपल्याकडे निसाब साडेबावन्न तोळे चांदी किंवा साडेसात तोळे सोने असा सांगतात. हे तोळे जुने आहेत. म्हणजे चांदी सुमारे ६१२ ग्रॅम, सोने सुमारे ८७.५ ग्रॅम, बाजारी तोळ्याने निघणारे ५२५ आणि ७५ नव्हे.