दरवाजा कोणाच्या हाती? : गावकारीची शेती, खाजनाचे बांध आणि गावाची देखरेख

गणेशगुडीत राहून गोव्याच्या खाजनांवर का लिहायचे, असा प्रश्न कुणालाही पडेल. त्याचे उत्तर आपल्या दारातच आहे. काळी नदीवरचे सुपा धरण १०१ मीटर उंच. १९८७ मध्ये ते पुरे झाले. जुने सुपा गाव पाण्याखाली गेले आणि तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले. धरणाची मालकी कर्नाटक पॉवर कॉर्पोरेशनची, त्यामुळे पाणी किती अडवायचे आणि कधी सोडायचे हे महामंडळ ठरवते. काठावरच्या ग्रामपंचायतीचा त्यात हात नाही. एवढ्या मोठ्या कामात ते तसेच असणार. पण घाट उतरून गोव्यात गेले की पाण्याचे असे दरवाजे भेटतात जे शेकडो वर्षे गावाच्या हाती होते. त्यांच्यामागची शेतीही गावाच्याच मालकीची होती. ही व्यवस्था कशी चालायची आणि कुठे तुटली, हे आज पाहू.

खाजन म्हणजे काय

मांडवी, झुआरी या नद्यांत समुद्राची भरती बरीच आत शिरते. काठची सखल जमीन भरतीच्या पातळीपेक्षा खाली, म्हणजे मोकळी सोडली तर ती खारटाणच राहणार. जुन्या लोकांनी माती, जांभा दगड आणि गवत वापरून नदीकाठी बांध घातले आणि ही जमीन भाताखाली आणली. हीच खाजन जमीन. गोव्यात ती सुमारे १८,००० हेक्टर धरली जाते.

बांधात जागोजागी दरवाजे, त्यांना म्हणतात मानस. इंजिनिअरच्या नजरेने पाहिले तर ही फार सुंदर गोष्ट आहे. लाकडी झडप नदीच्या बाजूला उघडते. भरती आली की बाहेरचे पाणी तिला दाबून बंद करते. ओहोटी लागली की आतले पावसाचे पाणी तिला ढकलून बाहेर पडते. मोटर नाही, वीज नाही, दिवसातून दोनदा आपोआप काम. पावसाळ्यात भात, तेही खारेपणा सोसणारे कोरगुट. आतल्या खोलगट पाण्यात मासे. काही ठिकाणी उन्हाळ्यात मीठ.

मात्र हे यंत्र आपोआप टिकत नाही. खेकडा बांधाला भोक पाडतो, लाटा माती खातात, झडप कुजते. एका जागी बांध फुटला की एकाच्या शेतात नाही, सगळ्यांच्या शेतात खारे पाणी शिरते, आणि जमिनीतले मीठ धुऊन निघायला पुढचे पावसाळे जातात. म्हणून खाजन एकट्याने राखता येत नाही. त्याला गाव लागतो.

गावकारीचा हिशेब

हे काम करणारी संस्था म्हणजे गावकारी, पोर्तुगीज नाव कोमुनिदाद. पोर्तुगिजांनी गोवा १५१० मध्ये घेतला तेव्हा ती आधीपासूनच चालू होती. महसुलाचा प्रमुख अफोंसो मेशिया याने १६ सप्टेंबर १५२६ रोजी तिसवाडीतल्या गावांचे रीतिरिवाज लिहून काढले. तो दस्तऐवज 'फोराल' नावाने ओळखला जातो. सरकारचा सारा गावाने मिळून भरायचा, तोटा आला तरी भरायचा, हे तत्त्व त्यात स्पष्ट दिसते.

पुढच्या काळात व्यवहार साधारण असा बसला. जमीन गावकारीची. शेते लिलावाने, बहुधा तीन वर्षांच्या मुदतीने, कसायला दिली जात. नोंद ठेवायला कुलकर्णी. आलेल्या रकमेतून आधी सारा, मग बांध-मानशींची दुरुस्ती, देवस्थानाचा आणि गावकीचा खर्च. उरले तर गावकारांत वाटणी, तिला म्हणतात जोण.

यात महत्त्वाचा आहे तो क्रम. बांध आधी, जोण नंतर. बांधाकडे दुर्लक्ष केले तर पुढच्या लिलावात शेताला बोली कमी येणार आणि जोण घटणार. म्हणजे निर्णय घेणाऱ्याच्याच खिशाला चाट. देखरेखीसाठी याहून चांगला निरीक्षक कुठे मिळणार?

वर सरकारचीही नजर होती. पोर्तुगीज राजवटीत कोमुनिदादींवर प्रशासक नेमले गेले आणि नियमांच्या संहिता झाल्या. शेवटची संहिता १५ एप्रिल १९६१ ची, म्हणजे गोवामुक्तीच्या आठ महिने आधीची. दुरुस्त्यांसह ती आजही लागू आहे. गोव्यात आज २२३ कोमुनिदादी मोजल्या जातात.

एक गोष्ट मात्र लपवून चालणार नाही. ही गावाची संस्था होती, पण सगळ्या गावाची नव्हती. गावकार म्हणजे मूळ घराण्यांचे पुरुष वंशज. शेतात राबणारे कूळ, मजूर, बायका यांना सभेत मत नव्हते. चिखलात उभे राहून बांध घालणारा एक आणि जोण घेणारा दुसरा, असे पुष्कळदा होते. जुने ते सगळे सोने म्हणणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावे.

१९६४ आणि १९७६

मुक्तीनंतर १९६४ चा कूळ कायदा आला. कुळांना संरक्षण मिळाले. १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने कसणारा कूळच जमिनीचा मालक मानला गेला. कोमुनिदादीची भातशेतेही त्यात आली. हा बदल न्यायाचा होता, यात मला शंका नाही.

प्रश्न बांधाचा राहिला. शेत तुकड्या-तुकड्यांनी मालकीचे झाले, पण बांधाचे आणि मानशीचे तुकडे कसे करणार? त्यासाठी १९७५ च्या नियमांनी कूळ संघटना उभ्या केल्या आणि मामलेदाराची देखरेख ठेवली. कागदावर सोय झाली. प्रत्यक्षात जुनी साखळी सुटली. कोमुनिदादीचे शेतातले उत्पन्न गेले, तशी तिची बांधातली आस्थाही गेली. बऱ्याच नव्या मालकांना शेतीपेक्षा नोकरी बरी वाटली आणि शेते पडीक राहू लागली. १९६२ पासून आलेल्या ग्रामपंचायतीकडे गावाचा विकास होता, पण बांध तिच्या हिशेबात नव्हता. तीन संस्था, आणि दरवाजाची पूर्ण जबाबदारी एकीचीही नाही.

त्यात मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव. आधीही तो होत असे, पण भाताचे उत्पन्न मोठे असल्याने मासे दुय्यम होते. भात मागे पडल्यावर पारडे फिरले. लिलाव घेणाऱ्याला मासा हवा, म्हणून भरतीच्या वेळी झडप उघडी ठेवली जाते आणि खारे पाणी आत येते. ज्याच्या हाती दरवाजा त्याचे शेत नाही, आणि ज्याचे शेत त्याच्या हाती दरवाजा नाही. गोव्यातल्या अनेक खाजनांचे दुखणे या एका वाक्यात आहे.

आपल्याच जिल्ह्यात

हे फक्त गोव्याचे नाही. आपल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, कुमठा तालुक्यात अघनाशिनीच्या मुखाजवळ अशाच जमिनी आहेत. तिथे त्यांना गजनी म्हणतात आणि खारे पाणी सोसणाऱ्या भाताला कग्गा. माणिकट्टासारख्या गावांत ही शेती सामुदायिक रीतीने चालत आली. हा जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, म्हणजे १९४८ चा मुंबई खार जमीन कायदा त्या काळात इथेही होता. अशा जमिनींच्या बांधांचा विचार सरकारी पातळीवर करणारा तो कायदा. पुढे सरकारने पक्के बांध दिले, कोळंबी आली, आणि भात की कोळंबी हा वाद इथेही उभा राहिला.

वारसा पाहणाऱ्यांनी बांध जरूर पाहावेत, पण नुसता फोटो काढून परतू नये. तीन प्रश्न विचारावेत. निर्णय कोण घेतो? दुरुस्तीचा पैसा कुठून येतो? बांध फुटला तर नुकसान कोणाचे? तिन्हींचे उत्तर एकाच दिशेला जात असेल तर बांध टिकतो. गावकारीत ते बऱ्याच अंशी जात होते, फक्त 'कोण' या शब्दात गावातली फार थोडी माणसे बसत. १९७६ नंतर माणसे वाढली, पण तीन उत्तरे तीन दिशांना गेली. दोन्ही गोष्टी एकत्र साधणे, म्हणजे कसणाऱ्याचा हक्क आणि आधी बांध मग वाटणी हा क्रम, हे काम अजून व्हायचे आहे.

ज्यांना मुळात जायचे आहे त्यांच्यासाठी गोव्याच्या पुराभिलेखागारात गावकारीची जुनी कागदपत्रे आहेत, काही गोयकानडी लिपीत. ही लिपी वाचणारे आता मोजकेच उरलेत. आपल्यापैकी एखाद्या तरुणाने ती शिकून घेतली तर बांधांचा पुढचा इतिहास त्या वह्यांतून निघेल.