भूकंपात उभी राहणारी भिंत

डोंगर कापून रस्ता काढला, की वरची माती खाली घसरू पाहते. तिला अडविण्यासाठी जी भिंत बांधतात, तिला संरक्षक भिंत म्हणतात. घराच्या भिंतीवर भार वरून येतो; या भिंतीवर तो मागून येतो. भिंतीची उंची दुप्पट झाली, तर मातीचा रेटा सुमारे चौपट होतो. हा रेटा मोजण्याची रीत कुलोम या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७७६ साली प्रसिद्ध केली.

भूकंपात मातीचा रेटा तर वाढतोच. शिवाय भिंतीचे स्वतःचे वजनही तिचे वैरी बनते. भिंत जितकी जड, तितका तिला बसणारा हिसका मोठा. १९२३ साली जपानमध्ये भयंकर भूकंप झाला. त्यानंतर ओकाबे आणि मोनोनोबे या अभियंत्यांनी कुलोमच्या गणितात भूकंपाच्या बलाची भर घातली. ती रीत आजही वापरली जाते.

परंतु भिंत केवळ जाड करणे हा एकच उपाय नव्हे. दुसऱ्या एका प्रकारात काँक्रीटचे ठोकळे सिमेंटच्या सांध्यांवाचून एकावर एक रचतात. काही थरांनंतर प्लास्टिकची बळकट जाळी ठोकळ्यांमध्ये अडकवून मागे मातीत दूरवर पसरतात. तिच्यावर माती टाकून ती चोपून घट्ट करतात. माती जाळीला धरून ठेवते आणि जाळी ठोकळ्यांना. अशा रीतीने माती व ठोकळे मिळून एकच रुंद भिंत तयार होते. ठोकळ्यांमागे खडी भरतात, म्हणजे पाणी साचत नाही.

भिंत आखताना अभियंता अनेक प्रश्न विचारतो. धक्क्याने ती पुढे सरकेल काय? उलथेल काय? जाळी तुटेल किंवा मातीतून उपसून येईल काय? वरच्या जाळीवर मातीचे दडपण थोडे असल्याने तेथे विशेष दक्षता लागते. पुष्कळदा ती जाळी अधिक लांब ठेवतात.

१७ जानेवारी १९९४ रोजी अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळ मोठा भूकंप झाला. तेथील ठोकळ्यांच्या अनेक भिंती टिकल्या. काहींच्या मागील जमिनीत मात्र भेगा पडल्या. बरोबर एक वर्षाने जपानमधील कोबे शहर हादरले. लोहमार्गालगतच्या दगडी भिंती कोसळल्या. तनाता येथील भिंतीला दर्शनी बाजूस काँक्रीटचा अखंड पडदा होता, पण तिच्या मागेही मातीत जाळीच होती. सभोवतालची घरे पडली; ती भिंत थोडी सरकली, पण उभी राहिली.

किंचित सरकणे हा भिंतीचा पराभव नव्हे. ती कोसळली नाही, म्हणजे खालच्या वाटेवरील माणसांचे प्राण वाचले.