मुलगी जर्मनीला निघाली, पण तिथं कायमची कधी होणार?

हल्ली बचत गटाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब झाला की एक नवा प्रश्न निघतो. लेकीचं नर्सिंग झालंय, तिला जर्मनीला पाठवावं का? एजंट सांगतो, तीन वर्षांत पर्मनंट होते. मग आई गळ्यातलं मोडायला निघते. तेव्हा आज आपण या ‘तीन वर्षां’बद्दलच बोलू.

जर्मनीत म्हाताऱ्यांची संख्या वाढली आणि काम करणारे हात कमी पडले. म्हणून त्यांनी २०२३ मध्ये कायदा सैल केला. आपल्या राज्य सरकारनंही फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या बाडेन-वुर्टेमबर्ग या राज्याशी करार केला. दहा हजार कुशल तरुण-तरुणी पाठवायचं ठरलं. नर्स, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, ड्रायव्हर, असे कामधंदे त्यात आहेत.

सुरुवातीला मिळतो तो ठराविक मुदतीचा परवाना. तो नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली की धाकधूक सुरू. कायम वास्तव्याचा हक्क मिळाला की मुदत संपते आणि नोकरी बदलायलाही कुणाला विचारावं लागत नाही. घरभाडं, मालकाची अरेरावी, सगळ्यांत याचा फरक पडतो. म्हणून तो लवकर मिळणं मोलाचं.

पूर्वी कुशल कामगाराला चार वर्षं थांबावं लागे, आता तीन. मोठ्या पगाराच्या नोकरीवर ‘ब्लू कार्ड’ घेऊन गेलेल्यांना २७ महिने, आणि जर्मन भाषा ‘बी-वन’ पातळीपर्यंत आली असेल तर २१ महिने पुरतात. तिथंच शिकून कामाला लागलेल्यांना शिक्षणानंतर दोन वर्षं.

आता खरी मेख ऐका. ही तीन वर्षं विमानातून उतरल्या दिवसापासून मोजत नाहीत! आपल्या नर्सिंगच्या पदवीला तिथं आधी मान्यता घ्यावी लागते. बहुतेकींना काही कमी दाखवून कागद येतो. मग प्रशिक्षण किंवा परीक्षा. तोपर्यंत मुलगी मदतनीस म्हणून राबते, पगारही कमी. मान्यता मिळून कुशल कामगाराचा परवाना हातात आला, की तिथून घड्याळ सुरू. एजंटाच्या तीन वर्षांत हा आधीचा काळ धरलेलाच नसतो.

शिवाय पगारातून दरमहा पेन्शनची रक्कम कापली जाते, आपल्याकडच्या पीएफसारखी. असे ३६ महिने भरलेले लागतात. ‘बी-वन’ जर्मन लागतं, आणि तिथल्या कायद्याची, रीतिरिवाजाची एक छोटी परीक्षाही असते. म्हणून लेकीला सांगा, पगाराची एकही चिठ्ठी फेकायची नाही. भाषेचं तर आम्ही परत परत सांगू. पैसा खर्चायचाच तर आधी भाषेवर. पुण्या-मुंबईत मॅक्स म्युलर भवनात परीक्षा देता येते. भाषा अर्धवट ठेवून गेलेली पोर तिथं रात्रपाळी करून अभ्यासाला बसते, आणि ते जमणं कठीणच.

एजंटाकडे सरकारी नोंदणी आहे का, ते ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर दिसतं. नोंदणीकृत एजंटाला सेवेसाठी ३० हजार रुपये आणि वर जीएसटी, एवढंच घेता येतं. पावती मागा. पावती म्हटल्यावर ज्याचा चेहरा बदलतो, त्याच्या दारात पुन्हा जायचं कारण नाही.

हक्क मिळाल्यावरही एक पथ्य आहे. सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ देशाबाहेर राहिलं तर तो सहसा जातो. बाळंतपणाला माहेरी यायचं असेल आणि मुक्काम लांबणार असेल, तर निघण्यापूर्वी तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयातून मुदत वाढवून घ्यावी.

आणि ‘पर्मनंट झाली म्हणजे आपली राहिली नाही का?’ असं एका आजींनी विचारलं. नाही हो आजी, पासपोर्ट भारताचाच राहतो. जर्मनीचं नागरिकत्व घेतलं तरच तो सोडावा लागतो, कारण आपल्या देशाला दोन नागरिकत्वं चालत नाहीत. शेतीचं म्हणाल, तर परदेशी स्थायिक झालेल्या लेकीला इथं नवी शेतजमीन विकत घेता येत नाही. पण आई-वडिलांच्या जमिनीत वारस म्हणून तिचा वाटा राहतो, आणि सातबाऱ्यावर तिचं नाव लागतं.