बोरिवली टू काळा घोडा

ऑफिसातल्या मैत्रिणीने बार्सिलोनाचे फोटो दाखवले. ऊन, समुद्र, म्यूझियम्स! मी जाम जळले. मग आठवलं, हे तिन्ही आपल्याकडेही आहे की! माझी मुंबई मात्र बोरिवली ते अंधेरी एवढीच.

गेल्या रविवारी बाबांना सोबत घेतलं आणि चर्चगेट फास्ट पकडली. १९२२ साली खुलं झालेलं प्रिन्स ऑफ वेल्स म्यूझियम, म्हणजे आजचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. शेजारी १९५२ची जहांगीर आर्ट गॅलरी, तिथे तिकीटच नाही. चौकापलीकडे कावसजी जहांगीर हॉलमध्ये १९९६ पासून नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट (सोमवारी बंद, लक्षात ठेवा). सगळं पायी, पाच-दहा मिनिटांत.

बाबांची तीस वर्षं नोकरी फोर्टात. जहांगीरच्या दारात म्हणाले, "रोज इथूनच जायचो गं. आत कधी शिरलो नाही. ६.१२ चुकली असती ना!" आणि मग एका पावसाच्या चित्रासमोर वीस मिनिटं उभे राहिले.

संध्याकाळी गेटवेच्या कठड्याशी लाटा बघत मी गप्पच होते. अंधेरीहून माझीही ६.४० असते.

पुढचा रविवार आम्ही बुक केलाय. तुमचा?