‘गुलदार’ बुडवण्याआधी

सी हॅरियरसारखं लढाऊ विमान निवृत्त होऊन संग्रहालयात जायचं ठरलं की त्याच्याजवळ सर्वांत आधी जातो तो शस्त्रास्त्र विभागाचा तंत्रज्ञ. रंगारी नंतर. बॉम्ब उतरवले, इंधन काढून घेतलं, तरी विमान निर्धोक झालेलं नसतं. वैमानिकाच्या आसनाला त्याला बाहेर फेकणारी काडतुसं आणि रॉकेट जोडलेलं असतं. डोक्यावरच्या पारदर्शक छतावर एक नागमोडी रेघ दिसते, ती म्हणजे स्फोटक दोरी. वैमानिकाला वाट मोकळी व्हावी म्हणून ती ऐनवेळी छत फोडते. शाळेच्या सहलीतलं एखादं पोर पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची मूठ ओढून बघणारच, हे धरून चालावं लागतं.

मग बॅटऱ्या, हायड्रॉलिक तेल, ऑक्सिजनच्या टाक्या निघतात. फार जुन्या विमानांत अंधारात चमकणाऱ्या तबकड्यांवर रेडियमचा रंग असायचा. त्या वेगळ्या काढून ठेवाव्या लागतात. इंजिन काढलं तर तोल बदलतो, म्हणून काही विमानांच्या नाकात वजन भरतात, नाहीतर विमान प्रेक्षकांदेखत शेपटीवर बसायचं. हवा गेलेली चाकं चिरडू नयेत म्हणून खाली आधार देतात. एवढं सगळं झालं की रंगाची पाळी येते.

सिंधुदुर्गाच्या माणसाला हे बघायचं तर गोव्यात, दाबोळी विमानतळाजवळ बोगमाळोच्या रस्त्यावर जावं. नौदलाचं हवाई संग्रहालय तिथे १९९८ पासून आहे. सी हॅरियर, त्याआधीचं सी हॉक, फ्रेंच बनावटीचं अलिझे आणि अवाढव्य सुपर कॉन्स्टेलेशन अशी विमानं उघड्यावर उभी आहेत. उघड्यावर म्हणजे खाऱ्या वाऱ्यात आणि कोकणच्या पावसात. विमानाचा पत्रा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, बोल्ट पुष्कळदा पोलादाचे. दोन वेगळे धातू चिकटून असले आणि मधल्या फटीत खारट ओल गेली की सूक्ष्म विद्युतप्रवाह सुरू होतो आणि ॲल्युमिनियम खाल्लं जातं. रंगाखाली फुगवटा दिसेपर्यंत आतला धातू पांढरी पूड होऊन गेलेला असतो. म्हणून पंखांच्या पोकळीत पाणी साचू नये यासाठी खालची छिद्रं मोकळी ठेवायची, इंजिनाच्या तोंडाला झाकणं लावायची (पक्षी घरटं करायला टपलेलेच असतात) आणि दर काही वर्षांनी खरवडून पुन्हा रंगवायचं. या किनाऱ्यावर उघड्यावर विमान जपणं म्हणजे मिठाशी न संपणारं भांडण आहे.

या हॅरियरचा सिंधुदुर्गातल्या निवती गावाशी जुना, थोडा दुखरा संबंध आहे. भारताची पहिली सी हॅरियर १९८३ च्या डिसेंबरात गोव्यात उतरली आणि २०१६ मध्ये हे विमान निवृत्त झालं. त्यांचं समुद्रातलं घर होतं ‘विराट’ ही विमानवाहू नौका. ६ मार्च २०१७ ला तीही सेवेतून गेली. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ठरवलं की निवती रॉकच्या परिसरात, भर समुद्रात, ‘विराट’ काँक्रीटच्या आधारावर कायमची उभी करायची आणि तिचं संग्रहालय करायचं. खर्च ८५२ कोटी. ते झालं नाही. सप्टेंबर २०२० मध्ये ‘विराट’ मुंबईहून अलंगला गेली, भंगारात. त्याआधी ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेचंही तेच झालं होतं: मुंबईत काही वर्षं संग्रहालय, २०१२ मध्ये सुरक्षिततेच्या कारणाने ते बंद, २०१४ मध्ये तोड. हळहळ मलाही वाटते. पण जून-जुलैत निवतीचा समुद्र ज्याने पाहिला आहे त्याला तो ८५२ कोटींचा आराखडा कधीच पटला नसता.

आता त्याच निवती रॉकसाठी निवडली गेली ‘गुलदार’. ‘विराट’ २८ हजार टनांच्या पुढची, ही अकराशे वीस टनांची. लांबी ८३.९ मीटर, रुंदी ९.७ मीटर. पोलंडमध्ये बांधलेली ही नौका ३० डिसेंबर १९८५ ला नौदलात आली. तिचं काम म्हणजे नाक थेट पुळणीवर टेकवून रणगाडे आणि सैनिक उतरवायचे. श्रीलंकेतली शांतिसेनेची मोहीम, २००४ च्या त्सुनामीतलं मदतकार्य अशा कामांत ‘चीता’, ‘गुलदार’ आणि ‘कुंभीर’ या तिघी बहिणी होत्या. तिघीही १२ जानेवारी २०२४ ला पोर्ट ब्लेअरला एकदमच निवृत्त झाल्या. २२ फेब्रुवारी २०२५ ला कारवारच्या तळावर नौदलाने ‘गुलदार’ आहे त्या स्थितीत महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाकडे सोपवली. पाण्याखालचं संग्रहालय आणि कृत्रिम प्रवाळभित्ती यासाठी केंद्राने ४६.९१ कोटी मंजूर केले आहेत.

इथे दाबोळीचं सगळं गणित उलटं होतं. तिथे मीठ, ओल आणि जीवजंतू हे शत्रू. इथे त्यांनाच आमंत्रण आहे. नौका बुडाली की काही दिवसांत तिच्यावर जिवाणूंचा बुळबुळीत थर धरतो, मग शेवाळ, बार्नेकल, शिणाणे, कालवं येतात, पुढे स्पंज आणि प्रवाळ. आडोसा मिळाला की लहान मासे येतात, त्यांच्या मागावर गोबरा आणि तांबोसा. पण हे व्हायचं तर जहाज आधी विमानापेक्षाही कसोशीने धुवावं लागतं. इंधनाच्या आणि वंगणाच्या टाक्या, तळाशी साठलेला तेलकट गाळ, पाइपांतला शेवटचा थेंबसुद्धा. त्या काळच्या जहाजांत उष्णतारोधक म्हणून ॲस्बेस्टॉस असे, केबलींच्या आवरणात आणि गॅस्केटमध्ये पीसीबी नावाची न विघटणारी विषारी रसायनं असत. तळाच्या रंगाचंही बघावं लागतं. बार्नेकल चिकटू नयेत म्हणून पूर्वी कथिलयुक्त विषारी रंग लावत, २००८ पासून जगभर त्यावर बंदी आहे. प्रवाळ वाढवायला निघालो आणि जहाजाच्या अंगावर जीव मारणारा रंग तसाच ठेवला, तर प्रकल्पाला अर्थच राहत नाही. गाद्या, प्लास्टिक, लाकूड, तरंगेल ते सगळं बाहेर.

त्यानंतर कापाकापी. पाणबुड्या आत अडकू नये म्हणून दारं काढून टाकायची, अरुंद जिने बंद करायचे, भिंतींना मोठाली भोकं पाडायची, म्हणजे कुठूनही उजेड दिसेल आणि बाहेर पडता येईल. ही भोकं बुडवण्याच्या दिवशीही लागतात. पाणी सगळीकडून सारखं शिरलं पाहिजे आणि आतली हवा निसटली पाहिजे.

सर्वांत अवघड तेच आहे. पाण्याने भरलेली परात डोक्यावर घेऊन चालताना ती जराशी कलली की सगळं पाणी त्याच बाजूला धावतं. जहाजाचंही तसंच, आणि ‘गुलदार’च्या पोटात तर रणगाड्यांसाठी लांबलचक, मधे भिंती नसलेला मजला आहे. अमेरिकेत फ्लोरिडाजवळ मे २००२ मध्ये ‘स्पीगल ग्रोव्ह’ ही अशीच सैन्य उतरवणारी, पण बरीच मोठी नौका ठरल्या वेळेच्या काही तास आधीच बुडू लागली, उलटी झाली आणि शेवटी एका कुशीवर पडली. तीन वर्षांनी एका चक्रीवादळाने तिला उभं केलं, माणसांनी नव्हे! उलट ‘ओरिस्कनी’ ही प्रचंड विमानवाहू नौका २००६ मध्ये ३७ मिनिटांत सरळ तळावर बसली. तिच्यावर आधी कित्येक महिने सफाई आणि आकडेमोड झाली होती. विमानंही बुडवतात. बहारीनने २०१९ मध्ये इंजिनं काढलेलं बोइंग ७४७ समुद्रात ठेवलं, जॉर्डनने त्याच वर्षी अकाबाला रणगाडे आणि लष्करी हेलिकॉप्टरं. पण विमानाचा पत्रा पातळ आणि हलका. कोकणच्या पावसाळी लाटांसाठी पोलादी जहाज बरं. समुद्रात पोलाद वर्षाला मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास झिजतं, म्हणजे जाड पत्र्याला काही दशकं मिळतात. कायमचं काहीच नाही.

मला चिंता बुडवण्यापेक्षा त्यानंतरची आहे. जून ते ऑगस्ट इथलं पाणी गढूळ आणि समुद्र बंद. खाली उतरायचं ते पाणी निवळल्यावर. तारकर्लीला महामंडळाचीच स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे, त्यामुळे पाणबुड्यांची वानवा नाही. अडचण जाळ्यांची. बुडालेल्या जहाजाभोवती मासे जमतात हे निवती, भोगवे, खवण्याच्या मच्छीमाराला कुणी शिकवायला नको, आणि तिथे अडकून तुटलेलं जाळं पुढे कित्येक वर्षं मासे मारत राहतं. पर्ससीन जाळ्यांवरून आणि ट्रॉलरवरून या किनाऱ्यावर आधीच भांडणं आहेत. ट्रॉलरला अशी जागा टाळावी लागते, ही पारंपरिक मच्छीमारासाठी खरं तर फायद्याची गोष्ट. पण जागा फक्त पर्यटकांसाठी राखली जाणार असेल तर तो फायदा त्याच्यापर्यंत पोहोचणार नाही. नांगर टाकायला बंदी, बोटी बांधायला कायमचे बोये, दर ऑक्टोबरात अडकलेली जाळी कापणं आणि पत्र्याची जाडी मोजणं, ही कामं गावातल्या मच्छीमार सोसायट्यांना द्यावीत. त्याचे पैसे दरवर्षी कुठून येणार, हे तिकिटाचा दर ठरवण्याआधी ठरायला हवं.