मेमस्टोअरचा हिशेब

अंधेरी पूर्वेला, मरोळ एमआयडीसीतल्या एका ऑफिसात मालवाहू गाड्यांच्या ठावठिकाण्याच्या नोंदी एचबेस या डेटाबेसमध्ये साठतात. रात्री गाड्या एकदम सुटल्या की लेखन अडायचं. टीममध्ये ज्याच्या त्याच्या तोंडी एकच उपाय: फ्लश साइझ वाढवा.

एचबेसमध्ये नोंद आधी लॉगमध्ये जाते, मग मेमरीतल्या मेमस्टोअरमध्ये क्रमाने बसते. मेमस्टोअर 128 एमबी झाला की फ्लश होऊन डिस्कवर नवी फाइल बनते. आकडा दुप्पट केला तर फाइली मोठ्या आणि कमी, असा तर्क.

तिथल्या सीनियर इंजिनिअर बाईंनी सेटिंगला हात न लावता आधी सर्व्हरच्या कामकाजाचा लॉग उघडला. फ्लश झालेल्या फाइली जेमतेम निम्म्या आकाराच्या होत्या. "128 च भरत नाहीत रे, 256 करून काय मिळणार?" त्यांनी बाजूच्या मुलाला विचारलं आणि कागदावर आकडे मांडले. सर्व्हरचा हीप, म्हणजे त्याला दिलेली मेमरी, 16 जीबी. मेमस्टोअरचा वाटा 40 टक्के, म्हणजे 6.4 जीबी. लिहिते रीजन, म्हणजे स्वतःचा मेमस्टोअर असलेले टेबलाचे तुकडे, 100. वाट्याला येतात सरासरी 64 एमबी! एकूण मर्यादा आधी लागते आणि सर्व्हर सक्तीने फ्लश करत सुटतो.

खरं दुखणं पुढे आहे. छोट्या फाइली साचतात, कॉम्पॅक्शनला त्या एकत्र करायला वेळ पुरत नाही. रीजनच्या एका स्टोअरमध्ये, म्हणजे फाइलींच्या एका गटात, 16 हून जास्त फाइली झाल्या की फ्लश 90 सेकंदांपर्यंत लांबतो. नोंदी मात्र येतच असतात. मेमस्टोअर चौपट, 512 एमबी झाला की रीजन लेखन नाकारतो. हे सगळे मूळ सेटिंगचेच आकडे. हीपमधला वाटा वाढवावा, तर वाचनाच्या कॅशेकडेही 40 टक्के असतात. दोघांची बेरीज 80 च्या वर गेली तर सर्व्हर सुरूच होत नाही.

म्हणून बाईंनी रीजनच कमी करायला घेतले. शेजारचे रीजन जोडून सर्व्हरमागे 50 ठेवले, की 6.4 जीबीत प्रत्येकाला 128 एमबी मिळतात. फ्लश साइझ होती तशीच राहिली. मला ही शिस्त फार मोलाची वाटते: आकडा बदलण्याआधी तो कधी गाठला तरी जातो का, हे पाहणं.

एक धोका उरतो. मेमस्टोअर जास्त भरलेला असताना सर्व्हर पडला, तर लॉगमधून जास्त नोंदी पुन्हा वाचाव्या लागतात, आणि तोवर ते रीजन बंद. त्यामुळे चाचणीच्या क्लस्टरवर बाईंनी भरल्या मेमस्टोअरचा एक सर्व्हर मुद्दाम पाडला आणि त्याचे रीजन पुन्हा सुरू व्हायला किती वेळ लागतो ते मोजलं. त्यानंतरच बदल खऱ्या सर्व्हरवर गेला.