वाफसा आणि जुनें यंत्र

गोदावरीच्या उजव्या तीरावरील पुणतांबा हें गांव चांगदेव महाराजांच्या समाधीमुळें व दौंड–मनमाड लोहमार्गावरील जंक्शनामुळें अनेकांस ठाऊक आहे. परंतु ह्या गांवाचें व आसपासच्या राहाता तालुक्याचें जीवन चालतें तें तेथील काळ्या जमिनीवर. गोदावरीच्या कालव्यांचें पाणी ह्या भागांत येऊन शंभर वर्षें होऊन गेलीं. त्या पाण्यानें ऊस आला, फळबागा आल्या, राहात्याचे पेरू नांवाजले गेले आणि रब्बींत गहूं, हरभरा व कांदा हीं पिकें हातीं लागूं लागलीं. म्हणून ह्या भागांतील हिंवाळा हा विसाव्याचा काळ नव्हे. तो कामाचा काळ होय.

काळ्या जमिनीचा स्वभाव मोठा हट्टी असतो. ती ओली असतांना औताला चिकटते आणि वाळली म्हणजे दगडासारखीं ढेकळें निघतात. ह्या दोन टोकांच्या मध्यें थोडेच दिवस असे येतात कीं, जमीन हाताला भुसभुशीत लागते. ह्या स्थितीसच शेतकरी वाफसा म्हणतो. मूठभर माती दाबून तिचा गोळा करावा व तो कंबरेच्या उंचीवरून खालीं सोडावा. गोळा फुटून मोकळा झाला तर वाफसा आला. तसाच राहिला तर अजून थांबावें. बागायती गव्हाची पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यांत व्हावी, आणि त्यापुढील प्रत्येक पंधरवड्याच्या उशिरास हेक्टरीं सुमारें अडीच क्विंटल उत्पन्न घटतें, असें कृषिशास्त्रज्ञ सांगतात. तेव्हां ऐन वाफशाच्या सकाळीं यंत्र सुरू न होणें म्हणजे घरांतील धान्य कमी होणें होय. ही अडचण बहुधा दैवाची नसते, तयारीच्या अभावाची असते. आणि ती टाळतां येते, हेंच ह्या लेखांत सांगावयाचें आहे.

येथें ज्या यंत्राचा विचार करावयाचा तो दोन चाकांचा, मागून दांडे धरून चालवावयाचा लहान ट्रॅक्टर होय. त्यास आपल्याकडे पॉवर टिलर म्हणतात. फिरत्या पात्यांनीं माती खणण्याचे प्रयोग ऑस्ट्रेलियांतील गिलगांड्रा येथें आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड ह्या तरुणानें १९१२ सालीं आपल्या वडिलांच्या शेतावर केले. पुढें जपानांतील लहान लहान भातखाचरांत असलीं यंत्रें फार रुळलीं, आणि १९६० नंतरच्या दशकांत तीं तेथून भारतांत आलीं. मित्सुबिशी ह्या जपानी कंपनीच्या सहकार्यानें तीं बनविणारा व्ही. एस. टी. हा कारखाना १९६७ सालीं बंगळूर येथें स्थापन झाला. युरोप-अमेरिकेंत बागेच्या लहान ट्रॅक्टरास हिंवाळ्यांत पुढें फळी लावून त्याजकडून बर्फ लोटवितात आणि पाणी गोठूं नये म्हणून रेडिएटरांत निराळें द्रव्य घालतात. आपल्याकडे तितकी थंडी नाहीं. पण पहांटे पारा दहा अंशांपर्यंत व कधीं त्याच्याही खालीं उतरतो. तेवढा गारवा जुन्या इंजिनास अडवावयास पुरेसा होतो.

असें कां व्हावें? सायकलचा पंप जोरानें मारीत असतां त्याचें खालचें टोंक तापतें, हें प्रत्येक विद्यार्थ्यानें अनुभविलें असेल. दाबलेली हवा तापते, हा सृष्टीचा नियम आहे. रुडॉल्फ डिझेल ह्या जर्मन इंजिनियरानें ह्याच नियमावर आपल्या इंजिनाचें पेटंट १८९२ मध्यें मागितलें व १८९७ मध्यें तें यशस्वीपणें चालवून दाखविलें. डिझेल इंजिनास ठिणगी लागत नाहीं. पिस्टन आंतील हवा सुमारें सोळा ते वीस पटींनीं दाबतो, ती पांचशें अंशांच्या वर तापते आणि तींत तेलाचा बारीक फवारा सोडतांच तो आपोआप पेट घेतो. आतां सकाळीं लोखंड गार असलें म्हणजे तें हवेंतील उष्णता शोषून घेतें. त्यांत पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या असल्या तर दाबलेली हवा फटींतून निसटते. उष्णता कमी व हवाही कमी. मग तेल पेटणार कसें? उन्हाळ्यांत निमूटपणें चालणारें जुनें यंत्र हिंवाळ्यांत रुसतें तें ह्यामुळें.

रोगाची परीक्षा वैद्य जशी नाडीवरून करतो, तशी इंजिनाची परीक्षा त्याच्या धुरावरून करतां येते. गार इंजिनानें सुरू होतांना थोडा वेळ पांढरा धूर टाकला तर चिंता नको. तें न जळलेलें तेल असतें. तो थांबेनासा झाला तर फवारा नीट पडत नाहीं किंवा दाब कमी आहे असें समजावें. काळा धूर म्हणजे तेल जास्त व हवा कमी. बहुधा हवेची गाळणी तुंबलेली असते. निळसर धूर म्हणजे वंगणाचें ऑइलच आंत जळत आहे. रिंगा झिजल्याची ती खूण होय. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी व तिचा परिणाम पाहावा. चार वस्तू एकदम बदलल्यास दोष कोणत्या वस्तूचा होता तें कधींच कळत नाहीं आणि पैसा मात्र चौपट जातो.

आतां तयारीचा क्रम पाहूं. ती दसऱ्याच्या सुमारास, म्हणजे वाफशाच्या आधीं करावी. प्रथम इंधन. चार महिने अर्धवट भरून ठेवलेल्या टाकींत हवेंतील वाफेचें पाणी होऊन तें तळाशीं सांचतें. म्हणून जुनें डिझेल तळापासून काढून टाकी स्वच्छ करावी, गाळणी नवी घालावी आणि नळींत शिरलेली हवा स्क्रू ढिला करून, बुडबुडे येण्याचें थांबेपर्यंत काढावी. दुसरी हवा. हवेच्या गाळणीच्या वाटींतील ऑइल मातीनें चिखलासारखें झालें असल्यास तें फेंकून वाटी धुवावी व नवें ऑइल खुणेइतकेंच भरावें. शेतांतील धूळ पिस्टनला कानशीसारखी घासते; ह्या पांच मिनिटांच्या कामानें रिंगांचें आयुष्य वाढतें.

तिसरें वंगण. थंडींत घट्ट झालेलें तूप आपण पाहतों. जाड ऑइलही तसेंच घट्ट होतें व हँडल फिरवितांना इंजिन जड लागतें. ऑइलच्या डब्यावर १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-४० असे आंकडे असतात. त्यांतील डब्ल्यू हें अक्षर हिंवाळा ह्या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचें आद्याक्षर आहे. त्याच्या आधींचा आंकडा जितका लहान, तितकें तें ऑइल थंडींत पातळ राहतें. यंत्राच्या पुस्तिकेंत सांगितलेलें ऑइलच घालावें. चौथी गोष्ट व्हॉल्व्हची फट. ती इंजिन गार असतांना पातळ पट्टीच्या मापानें पाहावी. फट चुकली तर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाहीं आणि दाब जातो. पांचवें पाणी. रेडिएटर गंजाचें पाणी काढून धुवावा, नळ्यांना चिरा असल्यास त्या बदलाव्या. ज्या यंत्रास बॅटरी आहे तिच्या टोंकांवरील पांढरी बुरशी गरम पाण्यानें धुवून तीं घट्ट आवळावीं. थंडींत बॅटरीचा जोर कमी होतो, आणि त्याच वेळीं इंजिनास तो अधिक लागतो.

इंजिन सुरू झालें म्हणजे सर्व साधलें असें नाहीं. पट्टे अंगठ्यानें दाबून पाहावे. साधारण अर्धा इंच दबावे. सैल पट्टा घसरून जळतो, अति ताणलेला बेअरिंग खातो. दोन्ही चाकांतील हवा सारखी असावी, नाहीं तर यंत्र एका बाजूस ओढतें आणि चालविणाराचे खांदे दुखूं लागतात. पातीं झिजून आखूड झालीं असतील तर यंत्र माती वरवर खरवडतें. पातीं बदलतांना त्यांची धार फिरण्याच्या दिशेस आहे ना हें पाहावें. मागील लहान चाक वर-खालीं करून खोली ठरवितां येते. गव्हाच्या रानांत चार-पांच इंच खोली ठीक. पण पेरूच्या झाडाखालीं दोन-तीन इंचांहून खोल जाऊं नये, कारण झाडास अन्न पुरविणारीं बारीक मुळें वरच्या थरांतच पसरलेलीं असतात. आणि वाफसा येण्यापूर्वीं यंत्र रानांत घालूं नये. ओल्या मातींत फिरणारीं पातीं खालचा थर चोपून गुळगुळीत करतात. त्या थरांतून पुढें पाणीही उतरत नाहीं व मूळही उतरत नाहीं.

विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या वडील माणसांनीं पुढील गोष्टी विशेष लक्षांत ठेवाव्या. बंद खोलींत इंजिन चालवूं नये. त्याच्या धुरांत कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु असतो, त्यास वास नाहीं व रंग नाहीं. हँडलनें इंजिन सुरू करतांना अंगठा इतर बोटांच्याच बाजूस ठेवावा. इंजिन उलटा झटका देतें तेव्हां अंगठा व मनगट मोडतें. दाब सोडण्याची कळ असल्यास ती धरून आधीं वेग द्यावा व मग कळ सोडावी. पात्यांत अडकलेलें गवत इंजिन बंद केल्यावांचून काढूं नये. सैल उपरणें, लांब बाह्या, साडीचा पदर हीं फिरत्या पट्ट्यापासून दूर असावीं. आणि मुलांनीं यंत्राची रचना अवश्य पाहावी, पुसावी, समजून घ्यावी. परंतु चालत्या यंत्रास हात लावूं नये.

प्रत्येक जुनें यंत्र दुरुस्त करावें असें मात्र नाहीं. गाळण्या, पट्टे, ऑइल व पातीं इतक्यानें काम भागत असेल तर तो खर्च निःशंक करावा. रिंगा व लायनर बदलावयाचे असल्यास मिस्त्रीकडून आधीं पुरता अंदाज लिहून घ्यावा. दांते तुटलेले असतील आणि सुटे भागच मिळत नसतील, तर मोहानें पैसा घालीत राहणें ही काटकसर नव्हे. याच जिल्ह्यांत राहुरी येथें महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे. अवजारांविषयीं शंका असल्यास तेथील जाणकारांचा सल्ला घ्यावा.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं लोखंडी नांगर तयार केला तेव्हां लोखंडानें जमीन विषारी होईल अशी भीति लोकांच्या मनांत होती, आणि पहिले नांगर खपावयास फार काळ लागला. ती भीति उपदेशानें गेली नाहीं. नांगर शेतांत चालतांना पाहिला तेव्हां गेली. आजही कित्येक घरीं यंत्राची दसऱ्यास पूजा होते, झेंडूची माळ घातली जाते, पण गाळणीचें झांकण वर्षांत एकदांही उघडलें जात नाहीं. ह्या वर्षीं माळ घालण्यापूर्वीं झांकण उघडावें, टाकीचा तळ पाहावा, ऑइल बदलावें. मग वाफसा ज्या सकाळीं येईल, त्या सकाळीं यंत्रही रानांत उतरण्यास तयार असेल.